तेवढं एक वाक्य

राइस कुकरचं बटण टक्कन उडालं आणि मेधा दचकली. फोन कानाला तसाच होता. पलीकडे तिची नणंद संजीवनी होती.

“भात झाला का गं?” संजीवनीनं विचारलं.

“झाला.”

“इरा यायची असेल शाळेतून.”

“अजून वेळ आहे, संजूताई. तू बोल.”

पण संजीवनीचं बोलून झालं होतं. तिकडे न्यू जर्सीत रात्र होती आणि ती इमारतीखाली गाडीत बसून फोन करत होती, कारण घरात तिची मुलगी अवनी जागी होती. मुकुलची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, नोकरी गेली हे सिंगापूरमधल्या, आंग मो किओतल्या या घराला ठाऊकच नव्हतं. नोकरीबरोबर व्हिसा गेला. दुसरी नोकरी मुदतीत मिळाली नाही. मुक्काम वाढवायचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. निघायला हवं होतं. निघाले नाहीत. अवनीचं शाळेचं शेवटचं वर्ष जूनमध्ये संपत होतं आणि ती तीन वर्षांची असताना तिथे गेलेली पोर होती. तेवढं वर्ष पुरं होऊ दे, मग बघू, असं म्हणत त्यांनी एकेक आठवडा ढकलला होता.

“बाबांना सांगू नकोस. शपथ आहे तुला.”

“नाही सांगत.”

“आणि रविवारच्या भाषणातलं तेवढं एक वाक्य काढ. कसंही करून काढ. काल त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं, केवढे खुशीत होते. अवनी ऐकते गं त्यांची भाषणं. एकूण एक ऐकते. मागच्या वेळचं ऐकून मला म्हणाली, ‘मम्मा, आजोबा आपल्याविषयी बोलतायत का?’”

फोन ठेवल्यावर मेधा ओट्याला टेकून उभी राहिली. संजूताईचा कळवळा आला, पण तो नंतर. आधी आला तो राग. हे ती कुणाजवळ बोलली नसती, नवऱ्याजवळ, प्रबोधजवळही नाही. तिचा आणि प्रबोधचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज एकदा नाकारला गेला होता. दुसरा अजून कुठल्या तरी टेबलावर पडून होता. सगळ्यांच्या इथे राहण्याच्या पासच्या तारखा तिनं फ्रिजवर लावलेल्या होत्या, मुदतीच्या महिनाभर आधी ती कागद तयार ठेवायची. पाया लेबार भागातल्या ऑफिससाठी घरून करायची ती नोकरीही तीच, कुणी कुठला नियम चुकवला ते शोधायचं. रांगेत उभं राहून पाय दुखत असताना पुढे कुणी तरी हळूच शिरलं की जसं वाटतं, तसं तिला वाटलं. आणि शिरलेलं माणूस मेधाच्या लग्नात तिच्या डोळ्यांतलं पाणी स्वतःच्या शालूच्या पदरानं पुसणारं होतं.

बाबा खाली मार्केटात पपई आणायला गेले होते. ते यायच्या आत तिनं लॅपटॉप उघडला.

बाबा म्हणजे तिचे सासरे, निशिकांत. नाशिकला मुख्याध्यापक होते. सासूबाई गेल्यावर प्रबोधनं त्यांना इकडे आणलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना एक शोध लागला. अमेरिकेत रात्री जे राजकारणाचे कार्यक्रम लागतात, ते इथे बरोबर सकाळच्या चहाच्या वेळी लागतात. इराची बस गेली, प्रबोध एमआरटी मेट्रोकडे पळाला, की बाबा आणि मेधा दोन कप घेऊन टीव्हीसमोर बसत. अर्ध्या जगापलीकडच्या निवडणुका, खटले, सिनेटमधली भांडणं. बाबा तिकडच्या पुढाऱ्यांना प्रगतिपुस्तक दिल्यासारखे शेरे देत.

“ओबामा? निबंधात पैकीच्या पैकी. गणितात काठावर पास.”

“आणि ट्रम्प?”

“माझ्या शाळेत असते तर तोंडाच्या पट्ट्यापायी रोज वर्गाबाहेर उभे केले असते. पण मेधा, दाराला कडी लावायला कुणी तरी लागतंच. गोड बोलणाऱ्यांनी ती कधी लावली नाही.”

रेगनवर मात्र त्यांचा जीव. मेहनत, कुटुंब, देव आणि लहान सरकार, एवढ्यावर देश चालतो असं ते म्हणत. मेधाला ते पटायचं. मैत्रिणींमध्ये ती हे बोलत नसे, कारण मैत्रिणी लगेच भुवया उंचावत. पण तिलाही वाटे की नियम पाळणाऱ्याची बाजू घेणारं जगात कुणी उरलेलं नाही. प्रबोध चिडवायचा, “झाली का तुमच्या पक्षाची कार्यकारिणी? तुमच्या त्या रेगननंच बेकायदा आलेल्या लाखो लोकांना माफी दिली होती, म्हटलं आठवण करावी.” त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं, “चांगल्या विद्यार्थ्याचंही एखादं गणित चुकतं.” आणि मेधा हसून टाळी द्यायची.

या चहातूनच भाषणं निघाली. नोव्हेनाला राहणाऱ्या स्मिताताई आपल्या कॉन्डो सोसायटीच्या हॉलमध्ये मराठी ज्येष्ठांना जमवत आणि भाषणं रेकॉर्ड करून यूट्यूबवर चढवत. बाबा हातानं लिहीत, मेधा टाइप करी. टाइप करता करता ती त्यांच्या वाक्यांना धार लावी. एखादा पसरट परिच्छेद तिच्या हातून दोन ओळींचा होऊन निघाला की बाबा खूश.

ते वाक्यही तिनंच घासून दिलेलं होतं. बाबांनी लिहिलं होतं, ‘मुदत संपल्यावर राहणाऱ्याला परत पाठवावे.’ पुढचा तुकडा मेधाचा. आता पडद्यावर ते अख्खं तिच्यासमोर होतं: ‘मुदत संपल्यावर राहिलेल्या माणसाला परत पाठवलंच पाहिजे, मग तो परका असो की माझ्या घरातला.’

परवाच टाइप करताना तिला त्या शेवटच्या तुकड्याचा केवढा अभिमान वाटला होता.

तिनं ते खोडलं. मोठ्या अक्षरांत पानं छापून टेबलावर ठेवली आणि वरणाला फोडणी द्यायला उठली. मोहरी थोडी ओट्यावर सांडली.

जेवणं झाली. इरा जमिनीवर पालथी पडून माशांच्या चित्रात रंग भरत होती. बाबांनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं आणि पानं घेऊन बसले. छापील कागद हातात आला की ते आजही पेपर तपासायला बसल्यासारखे बसत. मेधा धुतलेले डबे पुन्हा पुसत राहिली.

“मेधा, एक वाक्य राहिलंय.”

“कुठलं?”

“कुठलं काय? आपलं हुकमाचं पान. माझ्या घरातला.”

“ते मीच काढलं, बाबा. जरा जास्त वाटलं.”

“जास्त?” ते हसले. “तू लावलेली धार, आणि तुलाच जास्त वाटते? परवा तर म्हणालीस, टाळ्या इथेच पडणार.”

“वयस्क मंडळी असतात हो. कुणाकुणाची मुलं असतात तिकडे.”

“म्हणूनच तर सांगायचं. घाल परत.”

“राहू दे ना. माणसाची काही अडचण असते. आणि रेगननंसुद्धा माफी दिलीच होती की.”

बोलून गेल्यावर तिला कळलं. बाबांनी पेन खाली ठेवलं.

“हे प्रबोधचं वाक्य आहे,” ते सावकाश म्हणाले. “तू कधीपासून म्हणायला लागलीस?”

मेधानं हातातल्या डब्याला झाकण लावलं. ते दुसऱ्याच डब्याचं होतं, बसेना.

“कुणाचा फोन होता सकाळी? मी आलो तेव्हा तुझे डोळे लाल होते. म्हटलं, कांदा चिरला असेल. पण जेवणात कांदा नव्हता.”

चाळीस वर्षं पोरांच्या गप्प राहण्यातून खरं काढलेल्या माणसापुढे ती उभी होती, आणि तिला नीट खोटं बोलता येत नव्हतं.

“संजू?” बाबांनी विचारलं.

तिनं शपथ मोडली नाही. फक्त त्यांच्याकडे बघू शकली नाही.

बाबा मागे टेकले. पंखा फिरत होता, खालून कुणाच्या तरी शिडीचा खडखडाट येत होता. या घरात एक गोष्ट अनेकदा सांगून झालेली होती. संजीवनी स्कॉलरशिपच्या परीक्षेला उशिरा पोचली आणि मुख्याध्यापकांनी गेट उघडू दिलं नाही. गेटच्या आत बाप, बाहेर मुलगी. “रडली बिचारी, पण पुढे जन्मात कुठे उशीर केला नाही,” असं म्हणून बाबा ती गोष्ट संपवत, आणि ऐकणारे माना डोलावत. मेधाही डोलावत आली होती.

“किती जण आहेत यात?” त्यांनी विचारलं. “एकटी, की तिघंही?”

“बाबा, मी शब्द दिलाय.”

“बरं. नको सांगूस.” त्यांनी पानं उचलली, पुन्हा ठेवली. आवाज चढला नाही, उलट बसला. “पण वाक्य चूक नाही, मेधा. सांग मला, चूक आहे का?”

“नाही, बाबा.”

“घरातलं माणूस निघालं म्हणून मी ते खोडलं, तर गेटबाहेर ठेवलेल्या बाकीच्या पोरांना काय सांगू? त्यांचे बाप मुख्याध्यापक नव्हते.”

“मलाही तेच वाटतं. खरंच वाटतं. सकाळी मला तिचा रागसुद्धा आला.” तिनं डबा बाजूला ठेवला. “पण अवनी ऐकते, बाबा.”

“काय ऐकते?”

“तुमची भाषणं. एकूण एक.”

बाबांचा चेहरा एकदम उजळला. लहान मुलासारखा. “सगळी? आणि कळतं तिला? मराठी कळतं एवढं?”

“तुमच्यामुळेच कळतं. संजूताई म्हणाली...” आणि मेधा थांबली, कारण आता दिलेल्या शब्दाचं काही उरलंच नव्हतं. “अवनीनं तिला विचारलं, आजोबा आपल्याविषयी बोलतायत का म्हणून.”

तो उजेड बाबांच्या चेहऱ्यावरून उतरायला जरा वेळ लागला, आणि मेधाला तो उतरताना बघावा लागला. त्यांनी लाल पेन उचललं. समासात ‘मग तो परका असो’ एवढं लिहिलं. पुढे पेन टेकवून धरलं, टेकवून धरलं, कागदावर लाल ठिपका पसरत गेला. मग त्यांनी पेनचं टोपण शोधलं. ते समोरच होतं, तरी त्यांना दिसेना. मेधानं हातात दिलं.

“स्मिताला फोन लाव.”

“बाबा, घसा बसलाय म्हणून सांगू का मी?”

“खोटं कशाला?” त्यांनी फोन तिच्या हातातून घेतला. “हां, स्मिता. निशिकांत बोलतोय. रविवारचं जमणार नाही. नाही नाही, तब्येत उत्तम आहे. माझी तयारी झालेली नाही.” पलीकडून स्मिताताई मोठ्यानं हसल्या, मेधालाही ऐकू आलं, “काका, तुमची आणि तयारी नाही?” बाबा म्हणाले, “नाही झालेली,” आणि फोन बंद केला.

मग ते तसेच बसले. संजीवनीला फोन लाव असं ते म्हणाले नाहीत. मेधानंही सुचवलं नाही. उद्या सकाळी चहाबरोबर टीव्ही लावायचा की नाही, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

जमिनीवरून इरा उठली. तिच्या कोपराला निळा रंग लागला होता. एवढा वेळ ती मासे रंगवत नव्हती, हे मेधाच्या आत्ता लक्षात आलं.

“आई, अवनीताईनं रूल ब्रेक केला?”

“नाही गं राणी. तू रंगव.”

“मग कोणी? आत्यानं?” तिनं आजोबांकडे पाहिलं. आजोबा खिडकीकडे बघत होते. मग शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत ती म्हणाली, “आजोबा ऑलवेज सेज, रूल ब्रेक केला की घरी पाठवायचं. दॅट्स फेअर लाह. पण आई...”

“काय?”

“अवनीताईचं घर तर तिथेच आहे ना? मग तिला घरी पाठवायचं म्हणजे कुठे पाठवायचं?”

मेधानं बाबांकडे बघितलं. तेही खिडकीकडून वळून तिच्याकडेच बघत होते, इरासारखेच, उत्तराची वाट बघत.