डब्यातला अंतराळवीर

शिमग्याच्या सोंगाला पोशीरमध्ये एकच नियम होता: तोंड उघडायचं नाही आणि ओळखू यायचं नाही. जो ओळखला गेला, त्याला पुढच्या शिमग्यापर्यंत गावभर चिडवून घ्यावं लागे.

सदुसष्ट साली पदूने अंतराळवीर व्हायचं ठरवलं. तेलाच्या डब्याला खिडकी कापून तसबिरीची काच बसवली, अंगात चुना फासलेलं गोणपाट, गळ्याभोवती ट्रकच्या ट्यूबची आवळलेली पट्टी. कॉलेजात विज्ञान शिकणारी त्याची बहीण शकू, तिने डब्याला मागून भोकं पाडून दिली.

"गेल्या साली एका अमेरिकावाल्याची काच आतून वाफेनं पांढरी पडली," ती म्हणाली. "यानाच्या भायेर तरंगत होता. काय दिसंना. शेवटी नाकानं पुसली."

"माझं नाक मोठंच हाय."

"दोरीची खूण तरी ठरव. तीन हिसके दिलेस की खाली घेतील."

"चिंचेला लटकायचंय गं, चंद्राला नाय."

संध्याकाळी गोमाकाकांनी काखेतून बांधलेला दोर फांदीवरून ओढला आणि अंतराळवीर पुरुषभर उंचीवर तरंगू लागला.

"कोण रं ह्यो?"

"दहिवलीचा असंल."

शकू गालात हसली.

मग काच पांढरी झाली. मध्ये नाकाएवढा गोल पुसला गेला, तोही लगेच झाकोळला. भोकं उघडी असती, तर वाफ इतकी साठली नसती. शकू मागच्या बाजूला धावली. भोकांत कापूस कोंबला होता. कुणी आत डोकावून ओळखू नये म्हणून पदूनेच कोंबला असणार.

वर पदू पाय झाडत होता, खाली टाळ्या वाढत होत्या.

"गोमाकाका, खाली घ्या त्याला."

"आता कुठं रंग चढतोय, पोरी."

पाय मंदावले. "पोचला वाटतं चंद्रावर," कुणीतरी म्हणालं.

"दादा!" शकू ओरडली.

तिला भाऊ एकच, हे गावाला ठाऊक होतं. टाळ्या थांबल्या. गोमाकाकांनी भराभर दोर सोडला. शकूने कोयत्याने पट्टी कापून डबा उपसला. आत पदू लालबुंद. बराच वेळ नुसता धापा टाकत राहिला, मग तांब्याभर पाणी घटाघट प्यायला.

"दादा कशाला म्हनलीस गं? आता वरीसभर ऐकायला लागंल."

"ऐक की," शकू म्हणाली. रिकामा तांब्या तिने अजून दोन्ही हातांनी धरला होता.