ट्रकच्या काट्यावर शंभर किलो

जगात माणसाशी कधीच खोटं न बोलणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वजनकाटा. ट्रकचा वजनकाटा चालवणाऱ्या काटेवाल्यांचं हे मत बरीच वर्षं टिकलं, कारण तोवर त्यांनी काट्यावर फक्त ट्रक चढवले होते.

मग डॉक्टरीणबाईंनी खपून त्यांना शंभर किलोवर आणलं आणि बजावलं, "उतरवणं सोपं होतं, आता टिकवायचंय. जन्मभर. हृदय, साखर, रक्तदाब, सगळ्यांची मदार त्यावर आहे. वर्षाने या. वाढलेलं दिसलं, तर दर आठवड्याला पोटात इंजेक्शन."

सुईच्या नुसत्या नावाने काटेवाल्यांच्या पोटात गोळा येई. त्याच पोटात सुई जाणं त्यांना मंजूर नव्हतं.

घरी साधा काटा होता. पण ज्यावर ट्रक मावत नाही त्याला काटा म्हणायला ते तयार नव्हते. रोज ते कामावरच्या लांबरुंद लोखंडी काट्याच्या मधोमध उभे राहत आणि केबिनमधला आकडा कुणातरी ड्रायव्हरला वाचायला लावत.

"शंभर," ड्रायव्हर म्हणे. "साहेब, रिकामी गाडी लिहू की भरलेली?"

जेवणाआधी शंभर, जेवणानंतरही शंभर. म्हणजे जेवणाला वजन नसतं, हे शास्त्रशुद्ध सिद्ध झालं. काटेवाले दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागले. काटा हलेना. मग तिसऱ्यांदा.

"शर्ट फार तटतटायला लागलेत तुमचे," बायको म्हणाली.

"कापड आटतं. काटा आटत नाही."

"एकाच बादलीत धुते मी. माझे बरे आटत नाहीत."

वर्षाने बायकोला सोबत घेऊन ते दवाखान्यात गेले आणि तिथल्या काट्यावर छाती काढून चढले.

"एकशे नऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काटा तपासून घ्या, बाई. माझा साठ टन पेलतो."

"आणि मोजतो कसा?"

"वीस-वीस किलोच्या टप्प्याने. एकशे दहा ओलांडल्याशिवाय तो शंभर सोडतच नाही. ट्रकला तेवढं..." बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला. वजनापेक्षा पुष्कळ लवकर उतरला.

"तुम्ही ट्रक आहात का?"

"नका विचारू," बायको म्हणाली. "हो म्हणतील."

"लाजण्यासारखं काही नाही. वजन परत यायला टपलेलंच असतं, म्हणून तर औषध," म्हणत डॉक्टरीणबाईंनी कापूस काढला.

काटेवाल्यांनी डोळे घट्ट मिटले, बायकोचं मनगट आवळलं आणि मुलाबाळांकडे लक्ष ठेवायला सांगितलं.

"टोचायच्या आधी सांगा हं, बाई."

टोचून झालं होतं.