धवलारणीच्या घरचं बोंडलं

मी एक जुनं बोंडलं आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलंही नसेल. तान्ह्या बाळांना दूध आणि गुटी पाजायचं चोचीचं लहानसं भांडं, ते मी. पनवेलच्या एका तांबटाने मला पितळेतून घडवलं, आतून कल्हई केली, आणि मी करावे गावात चांगुणाबाईंच्या घरी आलं. त्यांचा शिवा आणि धाकटी गोजरा माझ्याच चोचीनं दूध पिऊन मोठी झाली. शिवा तर अर्धं दूध पोटात आणि अर्धं छातीवर घ्यायचा! मग पोरं भाकरी खाऊ लागली आणि माझी रवानगी फळीवर झाली. पोटात समईच्या वाती घेऊन मी तिथे बरीच वर्षं पडून होतं.

चांगुणाबाई गावच्या धवलारीण. लग्नात विधी चालू असताना धवले गायचे ते धवलारणीनं. तिच्याशिवाय आमच्याकडे लग्न पार पडत नसे. आपल्यामागे शिवाच्या बायकोनं, सगुणानं, धवले गावेत असं त्यांच्या फार मनात होतं. सगुणाचा गळा गोड, पण दम पुरायचा नाही. तिचा वरचा जबडा अरुंद, दात एकावर एक चढलेले, नाकानं श्वास जेमतेम. प्रत्येक ओळीच्या मध्येच ती तोंडानं हवा ओढायची आणि गाणं तुटायचं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की या वयात नुसत्या तारांनी जबडा रुंद होणार नाही, हाड मोकळं करायला ऑपरेशन करावं लागेल. वैशाखात गोजराचं लग्न होतं आणि सगुणाला त्यात गायचं होतं. ती तयार झाली.

आधी तिच्या टाळूला जबडा हळूहळू रुंद करणारा एक स्क्रू बसवला. ऑपरेशननंतर बरेच दिवस पातळच घ्यायचं आणि नळीनं ओढून काही प्यायचं नाही, अशी ताकीद मिळाली. तेव्हा चांगुणाबाईंनी वाती काढून मला खाली उतरवलं आणि नवी कल्हई करून आणली. सगुणा आरशासमोर बसून माझ्या चोचीनं पाणी प्यायचा सराव करू लागली. शिवा म्हणाला, "आये, पालना पन काढ. हिला त्यान निजवू." सगुणानं माझ्यातलं सगळं पाणी त्याच्या अंगावर उडवलं.

ऑपरेशन होऊन ती घरी आली तेव्हा गाल भोपळ्यासारखे सुजले होते. चांगुणाबाई नाचणीची पेज किंवा माशाचं कालवण फडक्यातून गाळून माझ्यात ओतायच्या आणि सुनेला जवळ टेकवून थेंब थेंब पाजायच्या. भरवताना गुणगुणायची त्यांना सवय होती. शिवाला भरवतानाही त्या धवलेच गुणगुणायच्या. एरवी सासूची ओळ संपायच्या आत सगुणाची सुरू व्हायची. आता बिचारीला गप्प ऐकण्यावाचून इलाज नव्हता. ती डोळे मिटून ऐकायची. ते माझे फार सुखाचे दिवस होते.

शिवा एका बारीक चावीनं रोज सकाळ-संध्याकाळ तो स्क्रू फिरवायचा. हळूहळू सगुणाच्या समोरच्या दोन दातांमध्ये चांगली रुंद फट पडली. बोलताना शब्दांबरोबर शिट्टी निघू लागली आणि चांगुणाबाई घाबरल्या.

"चांगली सून दवाखान्यान धाडली, न काय करून आनली!" त्या म्हणाल्या. "आता गानं कसा म्हनल ही?"

"आये, फट पडली म्हंजे हाड सरकलं. दात मागून जवल येतील, डॉक्टर बोललेत," शिवानं समजावलं. पण त्यांना ते पटलं नाही. तोवर सगुणा मऊ भात खाऊ लागली होती आणि मी परत फळीवर गेलं होतं. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईंनी ती चावी गुपचूप माझ्या पोटात टाकली.

मग घरात जी शोधाशोध झाली! शिवानं गाद्या झटकल्या, डबे उपडे केले. सगुणा रडकुंडीला आली. "तेवढ्यान हाड जुललं तर सगलं फुकट जाईल," ती म्हणाली. मला सगळं ठाऊक होतं, पण मला चोच आहे, जीभ नाही.

संध्याकाळी सगुणा जेवली नाही. चुलीपाशी बसून, तोंड मिटून ती हळदीचा धवला गुणगुणू लागली, सासूकडून रोज ऐकलेला. चांगुणाबाई भात ढवळता ढवळता थांबल्या. जिथे तिचा दम तुटायचा ती जागा आली आणि निघून गेली. सगुणानं ओळ पुरी केली, नाकानं शांतपणे श्वास घेतला आणि पुढची ओळ धरली.

चांगुणाबाई उठल्या. त्यांनी मला खाली काढलं आणि शिवाच्या हातावर पालथं केलं. "धर ही चावी," त्या म्हणाल्या. "माना वाटला, पोरीचा गला गेला." सगुणा गाल धरून हसू लागली. त्या दिवशी शिवानं स्क्रू फिरवला तेव्हा दिवा चांगुणाबाईंनी धरला होता.

गोजराच्या लग्नात चांगुणाबाईंनी पहिली ओळ म्हटली आणि पुढची सुनेवर सोडली. फट अजून पुरती मिटली नव्हती, मध्येच शिट्टी वाजायची, पोरंसोरं हसायची. पण धवला कुठे तुटला नाही. चांगुणाबाई पदरानं डोळे पुसत सुनेच्या मागून गात होत्या.

मित्रांनो, आता चांगुणाबाईंच्या तोंडात एक दात उरलेला नाही आणि मी पुन्हा खाली उतरलंय. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी फळीवर पडलं असेल तर त्याला मोडीत घालू नका. भरवून घ्यायची वेळ मोठ्या माणसांवरही येते. रोज दुपारी सगुणा सासूला जवळ टेकवून बसते, माझ्यातून पेज पाजते, आणि तोंड मिटून धवला गुणगुणते. एखादी ओळ तिनं चुकवली तर चांगुणाबाई घोट तसाच ठेवून मान हलवतात, आणि तिनं ती ओळ नीट म्हटल्याशिवाय गिळत नाहीत.