सखूबाईचे दोन धडधाकट दात

चामटोलीत कुणाच्याही घरी हळद असली की धवले गायला सखूबाईलाच बोलावणं. एवढी मानाची धवलारीण, की तिच्यापुढे सूर लावायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. पण गेल्या शिमग्यात तिचा वरचा, अगदी पुढचा दात पडला आणि त्या फटीतून शब्दाशब्दाला वारा सुटायला लागला. येत्या शुक्रवारी तर सख्ख्या नातवाची, समर्थची हळद. बायका पदराआड हसणार, हे नक्की. म्हणून सुनेला, उन्नतीला घेऊन ती उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या प्राची डॉक्टरणीकडे गेली.

फट भरायला ब्रिज, म्हणजे जोडून केलेले दात, कसा बसवतात ते डॉक्टरणीने दोनदा सांगितलं. सखूबाईने दोन्ही वेळा मान डोलावली. कालच्या पोरीपुढे आपल्याला कळलं नाही म्हणायचं म्हणजे नाक कापून घेणं.

सुई दिली, ओठ बधिर झाला, मशीन तासभर किरकिरत राहिलं. मग चूळ भरताना तिची जीभ वरच्या दातांवरून फिरली आणि जागीच थिजली. तिने आरसा मागितला. मधली फट होती तशीच होती. पण तिच्या दोन्ही अंगांचे दणकट दात गेले होते. तिथे उंदराला शोभतील असे दोन खुंट.

तिने आरसा डॉक्टरणीपुढे धरला.

“माझं दोन दात कुनी खाल्लं?”

बधिर ओठातून शब्द लाळेसारखे गळाले. तोंडाशी आलेल्या शिव्याही तशाच बोबड्या झाल्या.

मधला दात अधांतरी राहत नाही, शेजारचे तासून त्यांच्यावर टोप्या चढवाव्या लागतात, असं डॉक्टरणीने सांगितलं. पक्का ब्रिज गुरुवारी येणार, तोवर तात्पुरता आत्ता बसवते, म्हणाली.

“आई, हेच सांगितलं होतं त्यांनी,” उन्नती खाली बघत म्हणाली. “मी समजवायला गेले, तर तुम्हीच म्हणालात, मला नको शिकवू.”

सखूबाईने तोंड घट्ट मिटलं. डॉक्टरीण तात्पुरता ब्रिज हातात धरून थांबली होती. असंच उठून जावं, तर शुक्रवारी मांडवात एका फटीच्या तीन फटी.

मग ती ओठ सावरत बोलली.

“बसव. पन यापुढं मी हो म्हनलं तरी इचार, ‘म्हातारे, काय समजलं ते सांग.’”

तिने तोंड उघडलं. डोळे मात्र मिटले नाहीत. ते डॉक्टरणीच्या हातावरच होते.