भरवण्याचा आठवडा

शाळा दोन वाजता सुटते. त्यानंतर ज्यांना न्यायला कुणी येऊ शकत नाही अशी लहान मुले चारपर्यंत माझ्या चित्रकलेच्या खोलीत थांबतात. खोली पश्चिमेला आहे. दुपार कलली की कडुलिंबाची सावली फरशीवरच्या रंगांच्या डागांवरून संथपणे सरकते आणि मुले तिच्या कडेने खडूच्या रेघा ओढत बसतात. मला मोठ्याने बोलता येत नाही. या मुलांचे त्यावाचून काही अडत नाही, म्हणून दिवसातला एवढाच वेळ मला माझा वाटत आला आहे.

त्यांतली उर्वी पहिलीत आहे. तिची आई क्षितिजाताई सांवेर रोडवरच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. त्या नाशिकहून आल्या; इंदुरात त्यांचे नात्याचे कुणी नाही. "सर, ही खोली आहे म्हणून माझी नोकरी आहे," असे त्यांनी मला ओळख होताच सांगून टाकले होते.

यंदा शाळेने करुणा सप्ताह जाहीर केला. प्रत्येक मुलाने आपल्या डब्यातला खाऊ एखाद्या गरजू सोबत्याला भरवायचा आणि पालकांनी त्याचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. ज्या वर्गाचे फोटो अधिक, त्याला करंडक. आता शाळेत गरजू कोण? सगळेच फी भरून आलेले. पालकांनी त्यावर तोड काढली: ज्यांची आई दोन वाजता फाटकाशी दिसत नाही, ते गरजू.

सोमवारी दोघे-तिघे आले. बुधवारी माझ्या दाराशी रांग होती.

"भिया, बस एक फोटो," एक गृहस्थ मला बाजूला सारत इंदुरी लकबीत म्हणाले. "सरजी, तो पडदा जरा हटवा ना. लाइट नीट येत नाहीये."

उर्वी दारालगत बसते, म्हणून सगळे तिच्याकडेच वळत. प्रेमाने दिलेले नाकारायचे नाही, हे तिला घरी शिकवलेले. तिने पास्ता खाल्ला, गार झालेली कचोरी खाल्ली, क्रीमचा केक खाल्ला, कुणाचा तरी अर्धा उष्टा पेढाही खाल्ला. मी म्हणालो, "पुरे आता, तिचं पोट भरलंय." ते शब्द माझ्या ओठांशीच विरले. ज्यांनी ऐकले ते हसले. "अरे सरजी, एक घास से क्या होता है."

शेवटी तिच्याच वर्गातला अनीश आला, चीज सँडविच घेऊन. मागे त्याची आई, फोन उंच धरून.

"अनीश, कॅमेऱ्यात नको बघू, तिच्याकडे बघ बेटा. थोडा प्यार से. हां, आता भरव."

"मम्मी, तिला नकोय."

"हवंय रे तिला. भरव."

घास तोंडात गेला आणि उर्वीने पोटातले सगळे अनीशच्या बुटांवर ओकून टाकले.

"छी," अनीशची आई मागे सरकली. "नवीन शूज आहेत भिया हे." मग तिने फोन डोळ्यांजवळ नेला. "आधीचा आलाय चांगला. चल, हाच टाकू."

खोली क्षणात रिकामी झाली. मी बादली आणली, भुसा टाकला, फरशी पुसली. त्या आंबूस वासाची मला किळस आली नाही. किळस आली ती त्या उंच धरलेल्या हातांची, त्या मधाळ स्वरांची, आणि त्या संध्याकाळी ग्रुपवर अनीशच्या फोटोखाली जमलेल्या गुलाबी हृदयांची.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मुख्याध्यापिका प्रमोदिनी मॅडम खोलीत आल्या. "प्रणव, पेरेंट्समध्ये चाललंय की इथे बीमार मुलं बसवतात. सोमवारपासून ही रूम बंद."

"ती आजारी नाही," मी म्हणालो.

"काय? जरा मोठ्याने बोलत जा."

"उर्वी आजारी नाही, मॅडम. आपण तिला कोंबून खाऊ घातलं."

क्षितिजाताई तोवर दारात आल्या होत्या. त्यांनी ते ऐकले.

"मला तर म्हणाली, पोट दुखत होतं," त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या. "कुणी खाऊ घातलं?"

"ज्यांना ज्यांना फोटो हवा होता, त्या सगळ्यांनी."

मग मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "असं करू, बंद नको करायला. पण ग्रुपवर काहीतरी पॉझिटिव्ह जायला पाहिजे ना. क्षितिजाजी, तुम्ही उर्वीला घेऊन इथे उभ्या राहा. वर्किंग मदर शाळेला थँक्यू म्हणते आहे, असा एक फोटो. प्रणव, काढ."

"ताई, नको वाटत असेल तर नाही म्हणा," मी हळूच म्हणालो.

"नाही म्हटलं तर सोमवारी हिला कुठे ठेवू, सर?" त्यांनी ओढणी सारखी केली. "काढा तुम्ही."

मी माझा फोन समोर धरला. तो दिसताच उर्वीने डोळे मिटले आणि मुकाट्याने तोंड उघडले.

क्षितिजाताईंनी खाली पाहिले. बराच वेळ पाहिले. मग वाकून तिच्या ओठांवर अलगद तळवा ठेवला आणि तो तिथून न काढता, माझ्याकडे पाहून त्या हसल्या.

माझ्याने बटण दाबवेना. मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः फोटो काढला. "वा," त्या म्हणाल्या, "आईचा हात कितना इमोशनल आलाय."

खोली सुरू राहिली.

करुणा सप्ताहाचा शुक्रवार तेवढा उरला होता. दोन वाजता मी मुलांना आत घेतले आणि दाराला आतून कडी लावली. थोड्याच वेळात बाहेरून थाप पडली. "सरजी, बस दो मिनट. आमच्या मुलाचं राहिलंय." मुले माझ्याकडे पाहू लागली. मी त्यांना कोरे कागद वाटले. थाप पुन्हा पडली, मग जोराने पडली, मग कुणीतरी मॅडमचे नाव घेतले. मी कडीला पाठ लावून उभा राहिलो.