माझ्या पोटातला बुडबुडा

मित्रांनो, मी म्हातारा झालेला एक प्रोब आहे. बोटाएवढा, काळा, शेपटीसारखी लांब वायर असलेला. दातांच्या दवाखान्यात पेशंट गाल धरून बसतात ना, तिथे खाऱ्या पाण्याची एक मोठी काचेची टाकी आहे. त्या पाण्यात मीठ किती, हे सांगणं माझं काम. एवढंच, पण आतल्या सगळ्यांचा जीव त्यावर टांगलेला असतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पांढरा उजेड, हातमोजे, मग खोक्यातला अंधार. पाण्यात पहिल्यांदा उतरलो आणि अहाहा! निळा उजेड, डुलणारी प्रवाळं, शेजारी काचेला चिकटलेला केशरी तारामासा. पाणी हलतं, आपणही हलतो. झोपलोय की जागे आहोत, तेच कळत नाही.

टाकी डॉक्टरीणबाईंच्या सासऱ्यांची. सगळे त्यांना आजोबा म्हणतात. आजी गेल्यावर ते कुणाशी बोलेनासे झाले होते. या तारामाशानं त्यांना पुन्हा बोलतं केलं. "काय रे, झोपलास का?" असं ते रोज त्याला विचारतात. तो काय उत्तर देणार, कपाळ! पण आजोबांना तेवढं पुरतं.

अधूनमधून ते मला धुऊन एका बाटलीतल्या पाण्यात बुडवतात. त्या पाण्याचा खारेपणा नेमका ठरलेला असतो. बटण दाबून ते मला शिकवतात, याला पस्तीस म्हणायचं, म्हणजे लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम मीठ, समुद्राइतकं. मग त्याच मापानं मी टाकी मोजतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. आजोबा म्हणतात, "याचे कान पिळले."

एकदा कान पिळताना माझ्या पोटातल्या खाचेत हवेचा बारीक बुडबुडा अडकला. त्यामुळे मला बाटलीतलं मीठ कमी वाटलं, आणि आजोबांनी नकळत त्या कमीलाच पस्तीस म्हणायला शिकवलं. टाकीत परतलो, बुडबुडा निसटला, आणि चांगल्या पाण्यालाही मी अडतीस म्हणू लागलो.

"अरे बापरे, मीठ वाढलं की!" आजोबा रोज थोडं खारं पाणी काढून गोडं पाणी ओतू लागले. हळूहळू आकडा पस्तीसवर आला. आजोबा खूश, मीही खूश.

तारामासा मात्र काचेवरून सुटून तळाशी पडला. त्याचे हात ढिले पडले. "आकडा तर बरोबर आहे, मग याला होतंय तरी काय?" आजोबा पुन्हापुन्हा विचारायचे. ते दिवसभर टाकीपाशी बसून राहायचे, जेवायलाही उठायचे नाहीत. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी त्यांनी पुन्हा माझे कान पिळायला घेतले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बाबा, थांबा! आत बुडबुडा आहे."

"कुठाय? मला नाही दिसत."

"अहो, दातांचा साचा घेताना एवढासा बुडबुडा राहिला तरी कवळी नीट बसत नाही. दिवसभर मी तेच तर शोधते!" त्यांनी मला तिरकं धरून नखानं टिचकी मारली. बुडबुडा निघून गेला. "मागच्या वेळीही राहिला असेल हो."

नव्यानं शिकून मी टाकीत उतरलो आणि खरं सांगितलं: बत्तीस.

आजोबांनी तळाशी पडलेल्या तारामाशाकडे पाहिलं. "म्हणजे मीच त्याला..."

"उगाच काहीतरी बोलू नका. चला, मीठ कालवू. पण हळूहळू हं, एकदम नाही."

दोघं मिळून रोज थोडं थोडं खारं पाणी घालू लागले. पेशंटसुद्धा दाढ विसरून विचारायचे, "हलला का हो?" आणि एका दुपारी तारामाशाचा एक हात काचेला चिकटला. मग दुसरा. आजोबा भर दवाखान्यात, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझे भाऊबंद असतील. घड्याळ असेल, वजनकाटा असेल. आम्ही मुद्दाम खोटं बोलत नाही, शिकवलं तेच सांगतो. म्हणून आम्हाला पुसत जा, तपासत जा. आणि मी सगळं ठीक आहे म्हणत असलो, पण समोरचा जीव मलूल दिसत असला, तर माझं ऐकू नका. त्याच्याकडे बघा.