गालातलं बाळ

तोंडात बाळ आलं आणि आम्पारो गप्प बसली. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

बाळ म्हणजे प्लॅस्टिकचं हो, बोटाच्या पेराएवढं, सहा जानेवारीच्या सणाच्या गोल गोड पावात लपवलेलं. घरून, त्लाश्कालापासून, नऊ दिवस सायकली हाणत आम्पारो, निकानोर आणि सेनाइदा असे शाळेपासूनचे दोस्त तिघे डोंगरावरच्या लास न्येब्लासमध्ये पोचले होते. धुकं इतकं की पुढच्याच्या सायकलचा मागचा दिवासुद्धा दिसेना. निकानोरचं चाक वाकडं झालेलं, सेनाइदाची बोटं ब्रेक दाबून दाबून बधिर. रस्त्यालगतचं पहिलं दार ठोठावलं, तर घरमालकीण दोन्या चोनानं कोण-कुठले हेसुद्धा विचारलं नाही. "सायकली आत घ्या, कोंबड्या टायरला चोची मारतात," एवढंच म्हणाली आणि चुलीवर चॉकलेट चढवलं.

आणि टेबलावर तो पाव! वर अंजिराचे तुकडे, साखरेचे पट्टे. दोन्या चोनाची दोन्ही पोरं उत्तरेला, सीमेपलीकडे. पाव खायला ती आणि शेजारची तोमासा अशा दोघीच. आता एकदम पाच जण झाले म्हणून दोन्या चोनाचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"आपापला तुकडा आपणच कापायचा," तिनं सुरी पुढे केली. "म्हणजे नंतर रडारड नको."

रडारड कशाची, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल, त्यानं दोन फेब्रुवारीला या घरी यायचं, मक्याच्या पानात उकडलेले तमाले खाऊ घालायचे आणि कोपऱ्यातल्या शेवाळाच्या गोठ्यात निजलेल्या बाळ येशूला नवे कपडे घालून उचलायचं. उचलणारं कुणी नसेल, तर तो तसाच पडून राहतो आणि गोठा आवरताही येत नाही.

आम्पारोनं दुसरा घास घेतला आणि दाताखाली कटकन लागलं.

आता खरं सांगायचं, तर तिच्या घरी हा खेळच होता. बाळ मिळालं की लपवायचं, गालात, बुटात, मिळेल तिथे. तिच्या मामानं तर एकदा चक्क गिळलं होतं. तासभर एकमेकांवर आरोप, मग कुणीतरी फिदीफिदी हसतं आणि पकडलं जातं. तसंच होईल म्हणून आम्पारोनं बाळ जिभेनं गालात सरकवलं आणि चॉकलेटचा घोट घेतला.

पाव संपला. बाळ नाही.

दोन्या चोनानं कप खाली ठेवला आणि सावकाश तोमासाकडे, आपल्या मानलेल्या बहिणीकडे, वळली. "कोमाद्रे, एप्रनचा खिसा दाखवा."

"काय?"

"तीन वर्षांमागे तिथेच सापडलं होतं."

"तीन वर्षं झाली त्याला!"

"म्हणून काय झालं? बाळ आपल्या पायांनी थोडंच चालत जातं? कुणीतरी नेलं तरच जातं."

निकानोर हसला. मग त्यानं दोघींकडे पाहिलं आणि त्याचं हसू विझलं. आम्पारोला वाटलं, आता बोलावं. पण दोन तारखेला इथे परत यायचं? त्लाश्कालाहून एक दिवस, एक रात्र बसमध्ये? तिचा नर्सिंगचा वर्ग सुरू होणार होता. एवढा विचार होईतो तोमासानं खिसा उलटा करून दाखवला होता. त्यातून जपमाळ आणि लसणाची पाकळी पडली. आता बोलणं आणखी अवघड झालं. तोंडात मूग नाही, बाळच धरून बसली पोरगी!

"चाळीस वर्षं," तोमासा शाल गुंडाळत म्हणाली. "चाळीस वर्षं या घरात जे हरवतं, ते माझ्याच खिशात शोधतात." आणि अर्धं चॉकलेट तसंच टाकून गेली.

सकाळी धुकं विरलं होतं. दोन घरांमधल्या कुंपणात ये-जा करून पडलेली एक वाट होती. दोन्या चोना तिच्यात फळी आडवी घालत होती. आम्पारो सायकल धरून बघत उभी राहिली.

"दोन्या चोना..."

"जा पोरी, उजेड आहे तोवर उतार संपवा. आणि वळणावर ब्रेक एकदम दाबू नकोस." हातोडी पुन्हा आपटली.

"आम्पारो! झोपलीस का गं उभ्या उभ्या?" निकानोर रस्त्यावरून ओरडला. आणि ती गेली.

तो उतार, बाबा रे बाबा! याच उतारासाठी नऊ दिवस घाम गाळला होता. पाइनची झाडं मागे पडत होती, अंगावरचे स्वेटर एकेक करून उतरत होते, हवा कोमट, मग गरम, मग केळीची पानं दिसायला लागली. सेनाइदा दोन्ही हात सोडून किंचाळत होती. संध्याकाळी समुद्र! शाळेत सातवीत असल्यापासून ठरलेलं, तिघांनी एकदम पाण्यात शिरायचं, एकानंही आधी बोट बुडवायचं नाही. उद्या रात्री सेनाइदाची बस, सोमवारपासून ती मोंतेर्रेच्या कारखान्यात. तिथे गेलेली माणसं सुट्टीला आली तर आली. निकानोरचंही लग्न ठरलेलं. हे सगळं तिघांनाही कळत होतं.

तीस किलोमीटर उतरल्यावर केळीवाल्याच्या टपरीशी थांबले. आम्पारोनं हँडलच्या पिशवीतून ते बाळ काढून टेबलावर ठेवलं.

निकानोर केळं सोलायचा थांबला. "तुझ्याकडे होतं?"

"गालात."

"अगं ए दरोडेखोर!" तो खो खो हसला. "आणि ती बिचारी म्हातारी खिसे उलटे करतेय!" मग तिचा परत जायचा बेत त्याच्या लक्षात आला. "नाही. नाही हं, आम्पारो. फोन कर."

"त्या घरी कुठे आहे फोन?"

"मग चिठ्ठी पाठव, व्हॅनवाल्याकडे दे बाळ. चढ बघितलास का तू? आपण ब्रेक लावून उतरलो तो! बकरीसुद्धा विचार करेल."

"फळी मारली रे तिनं कुंपणात."

"म्हाताऱ्या भांडतात! परवा परत एक होतील!"

"आणि नाही झाल्या तर? त्या दोघींना तिथे दुसरं आहे कोण?"

निकानोरनं केळं टेबलावर आपटलं. "आणि आपण? आपण कोण? दहा वर्षं समुद्र समुद्र करतोय, आणि आज, आजच तुला साधुत्व सुचतंय?"

तो खोटं बोलत नव्हता. तिनं सेनाइदाकडे पाहिलं. सेनाइदा त्या बाळाला बोटानं उगीच गोल फिरवत होती.

"मी थांबले असते गं," ती म्हणाली. "पण उद्याची बस आहे."

"माहितीये."

"नुसती चिठ्ठी पाठवते, असं तू म्हणाली असतीस ना, तरी मी काही बोलले नसते." तिनं बाळ आम्पारोच्या तळहातावर ठेवलं. "पण मनात राहिलं असतं." आणि तिला अशी घट्ट मिठी मारली की दोघींची हेल्मेटं एकमेकांवर आपटली. निकानोरनं मिठी मारली नाही. पण आपली जादाची ट्यूब आणि चार केळी तिच्या पिशवीत कोंबली, आणि तोंड फिरवून सायकलवर बसला.

चढाचं काय सांगू! सकाळी जे वळण हसत घेतलं, तेच आता दात विचकून उभं. पहिला तास राग होता, म्हणून चांगला गेला. दुसऱ्या तासात राग संपला. मग ती मनातल्या मनात बोलण्याची तालीम करायला लागली. "माफ करा, घासात आलं, कळलंच नाही." हे खोटं. "गंमत केली." हे थोडं खरं. "मला परत यायचं नव्हतं." हे पुरतं खरं, आणि ते म्हणायला जीभ वळेना. शेवटचे आठ किलोमीटर एका कोबीच्या गाडीनं तिला सायकलसकट मागे चढवलं. चार वाजता ती पोचली.

आणि बघते तर काय! फळी गेलेली. स्वयंपाकघरात दोघीही बसलेल्या, तोमासा मक्याची पानं पाण्यात भिजवतेय.

"अगं बाई, पोरगी परत आली!" दोन्या चोना उठली. "सायकल मोडली का? बस, बस. बघ, चोर सापडला. तोमासानं सकाळीच कबूल केलं, घाबरून गिळलं म्हणे. तमाले तीच करणार."

तोमासा मान वर करेना. आम्पारोला एकदम सगळं समजलं. तोमासानं खोटा गुन्हा कबूल केला होता, कुंपणातली फळी निघावी म्हणून. आता खरं सांगितलं, तर तिचा मोठेपणा उघडा पडणार. नाही सांगितलं, तर ती कपाळावर चोराचा शिक्का घेऊन फिरणार, चाळीस वर्षांची एकेचाळीस. खिशातलं बाळ मुठीत धरून आम्पारो उभी.

तिनं बाळ टेबलावर ठेवलं.

"माझ्या तुकड्यात आलं होतं. परत यायला नको म्हणून लपवलं मी."

चुलीवर पाणी उकळत होतं. दोन्या चोनानं बाळाकडे पाहिलं, मग तोमासाकडे.

"मग तुम्ही गिळलं म्हणालात, ते?"

"म्हणाले खरी," तोमासा पानं निथळत म्हणाली. "चोर म्हणून घ्यायची सवय आहे मला. एकटं जेवायची नाही." आणि शाल उचलली. आता मात्र ती खरोखर निघाली होती, ते तिच्या पाठीवरून कळत होतं.

"कोमाद्रे, बसा."

"कशाला?"

पदर चाचपावा, तसं दोन्या चोनानं एप्रन चाचपलं. "मी चुकले म्हणून," ती अखेर म्हणाली, इतक्या हळू की आम्पारोला वाटलं आपल्याला भास झाला.

तोमासा दारात थांबली. बसली नाही. पण गेलीही नाही. मग म्हणाली, "पाणी जास्त उकळतंय," आणि जाऊन लाकूड मागे ओढलं.

अंधार पडायच्या आधी आम्पारोच्या फोनला अंगणाच्या टोकाशी जेमतेम रेंज मिळाली. पलीकडे सेनाइदा, आणि मागे मोठा घोंगावणारा आवाज.

"शिरलात?"

"गुडघ्यापर्यंत. निकानोर काठावर बसलाय. म्हणतो, फोटो नको, दोघांचा काढला तर लग्नाचा वाटेल."

आम्पारो हसली. सेनाइदाही हसली.

"दोन तारखेला मला सुट्टी मिळणार नाही गं."

"नाही मिळणार," आम्पारो म्हणाली. "कसा आहे?"

"काय?"

"समुद्र."

"मोठा," सेनाइदा म्हणाली, आणि रेंज गेली.

आत दोघी म्हाताऱ्या तिचीच वाट बघत होत्या. दोन्या चोनाच्या हातात दोऱ्याचं रीळ होतं. कपडे शिवायला माप हवं, आणि माप उचलणारीनंच घ्यायचं. आम्पारो गोठ्यासमोर गुडघ्यांवर बसली. मांड्या अशा ठणकल्या की डोळ्यांत पाणी आलं. तिनं बाळ येशूच्या पाठीखाली हात घातला.

"उचलायचं नाही!" दोघी एकदम ओरडल्या. "अजून वेळ आहे त्याला!"

मग तो निजलेला असतानाच, शेवाळ न हलवता, तिनं डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा धरला आणि तोमासानं तो दातानं तोडला.